सुगड: बाहेर सासर, आत माहेर

संक्रांतीला आपण पुजतो ते सुगड मुठीत मावतं, मी केलंय ते कळशीएवढं आहे आणि त्याला पाच महिने लागले, त्यात मातीकामाचा वेळ कमी आणि नावं गोळा करण्याचा जास्त.

सांगलीत विश्रामबागला सिरॅमिकचा क्लास लावला होता, तिथं सरांनी ज्युडी शिकागो या अमेरिकन बाईचं डिनर पार्टी हे काम दाखवलं. 1974 ते 79 मध्ये केलेलं, त्रिकोणी टेबल, त्यावर 39 बायकांची ताटं आणि खाली फरशीवर अजून 999 नावं, सोनेरी अक्षरात. मी म्हणलं आपल्या घरातल्या तरी लिहू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं आपलं नाव बदलतात ना, माझंही बदललं, तेव्हा फोटोसाठी हसलेपण मी. तर बाहेरून सासरची नावं आणि आत माहेरची, तोंड अरुंद, वाकून बघितल्याशिवाय दिसायचीच नाहीत.

अकरा बायकांची यादी केली. बाहेरची अकरा पाच मिनिटात झाली, आतली दहावरच अडकली. सासऱ्यांच्या आजीचं माहेरचं नाव कुणालाच माहीत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "थोरलीला कसलं नाव, थोरलीच की ती." (नावं इथं टाकत नाही, घरच्यांना चालणार नाही.)

कुंभारवाड्यातपण जाऊन आले, सुगडाचा आकार नीट बघायला. तिथल्या काकूंना विचारलं तुम्ही चाकावर बसता का, तर म्हणाल्या चाक गड्यांचं, आम्ही माती तुडवायची, चोपायची, रंगवायची आन् बाजारात घेऊन बसायचं. म्हणजे चाक सोडून सगळं.

पहिलं मडकं पूर्ण करून मग आत लिहायला गेले, हात अडकला आणि काठच हातात आला. अक्कल तेव्हा आली. दुसऱ्या वेळी दोन वाडगे वेगवेगळे केले, आत लिहून घेतलं, मग कडांना रेघोट्या मारून पातळ माती लावून जोडले. लिहायचं कधी हेपण कळायला लागतं, माती ओली असली की अक्षराच्या कडेला खरकटं येतं, फार वाळली की वेलांटीचा टवका उडतो, चामड्यासारखी कडक झाली की बरोबर. तरी ते गेलंच. बाहेरच्या नावांवर मी हौसेनं सलग शिरोरेघ मारलेली, पोटावरून गोल एक चक्कर, वाळताना बरोब्बर त्याच रेघेवरून तडकलं. सर म्हणाले तू स्वतःच चिरलंयस ते. तिसऱ्याला नावं सुटी सुटी, खालीवर लिहिली. ते जुलैत, सांगलीच्या दमट हवेत प्लॅस्टिक झाकून तीन आठवडे वाळवलं, कारण आत पाणी राहिलं की भट्टीत त्याची वाफ होते आणि मडकं फुटतं.

सासूबाई रोज लांबून बघायच्या. सासरे गेल्यापासून त्या सुगडाला हात लावत नाहीत. हेरवाड इथून जवळच, तिथल्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं, पण आमच्या गल्लीत हळदीकुंकू असलं की त्या अजून आतल्या खोलीत टीव्ही लावून बसतात. त्यांना म्हणलं हे पुजायचं नाही, नुसतं मडकंय, धरा जरा मला पुसायचंय. धरलं.

पहिली भाजणी झाल्यावर अक्षरात आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोखंडाच्या गंजासारखी पूड, भरून स्पंजनं पुसलं, आत पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि परत भट्टी, या वेळी 1220 अंशाला. वाळणं आणि दोन्ही भाजण्या धरून माती दहा-बारा टक्के आटते, त्यामुळं माझं नाव फारच बारकं झालं, शेवटी लिहिल्यामुळं जागा तशीपण कमी राहिली होती.

भट्टीतून आणलं त्याच रात्री तासगावच्या आत्तींचा फोन, थोरलीचं नाव सापडलं म्हणे, कुणाच्या तरी जुन्या खरेदीखतात. तीनच अक्षरं. आता ग्लेझवर काय कोरणार. पण तळाला ग्लेझ लावत नाहीत, नाहीतर मडकं भट्टीच्या फळीला चिकटतं, तिथली माती कोरी असते. सासूबाईंनी ते उपडं धरलं आणि मी पेन्सिलीनं लिहिलं.