गार्ड खाली होता

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दादांना शिडीवर चढू दिलं नाही. ज्या माणसानं मला सोलरच्या वायरचं क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, शिकवलं, त्याच्याच आडवा उभा राहिलो. अजून धडधडतंय.

काल संध्याकाळी गोडाऊनमध्ये नेहमीसारखा बॉक्सिंगचा सराव होता. इन्व्हर्टरची खोकी आणि जीआय पाइप बाजूला सारून जागा करतो. लष्करातून निवृत्त झालेले उस्ताद घड्याळ धरतात. तीन मिनिटांचे तीन राउंड, मधे एकेक मिनिट. तिसऱ्या राउंडला दादांनी हेडगार्डचा पट्टा सरळ करायला हात खाली घेतला, आणि माझा क्रॉस, मागच्या हाताचा सरळ ठोसा, तोवर निघालेला होता. 16 औंसांचा ग्लोव्ह थेट कानशिलावर बसला. दादा गुडघ्यावर टेकले, मग हसले. "काही नाही रे." उस्तादांनी तिथंच दोघांचे ग्लोव्ह उतरवायला लावले.

आज कोथरूडला एका बंगल्यावर 3 किलोवॉटचं काम होतं. खाली सामान मोजताना दादांनी विचारलं, "स्ट्रिंगला किती पॅनेल?" स्ट्रिंग म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलची साखळी. सहा, म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. उन्हाकडे बघताना डोळे बारीक करत होते. एरवी या माणसाला साइटचा नकाशा तोंडपाठ असतो.

सहा पॅनेल जोडले की जवळपास 300 व्होल्ट डीसी तयार होतो, आणि ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही. 27-28 किलोचं एकेक पॅनेल दोघांनी धरून कठड्याजवळून न्यायचं. एकाचा तोल गेला तर दुसऱ्यालाही घेऊन जाणार.

"दादा, आज तुम्ही खालीच थांबा."

"तू मला सांगणार?" सगळ्या पोरांसमोर. मी त्यांचा सेफ्टी बेल्ट धरून ठेवला, सोडला नाही. शेवटी ते गाडीत जाऊन बसले.

दुपारी डॉक्टरांकडे नेलं. डोक्याला मुका मार. सध्या पूर्ण विश्रांती, उंचावर काम बंद, बॉक्सिंग तर नाहीच. उस्तादांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, स्पर्धेत डोक्याच्या माराने लढत थांबवली तर बॉक्सरला किमान 30 दिवस रिंगणाबाहेर ठेवतात. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. आम्ही घंटा घेतली, राउंड घेतले, ग्लोव्ह घेतले. हा नियम मात्र घेतलाच नाही. चूक माझीही आहे. काल रात्रीच त्यांच्या घरी फोन करायला हवा होता.

बॉक्सिंग सोडायचं नाही, हे मनाशी पक्कं आहे. दिवसभर एकमेकांशी चार शब्द न बोलणारी आमची टीम या गोडाऊनमध्ये बोलायला लागली. पण आता स्पारिंग, म्हणजे असा जोडीचा सराव, फक्त शनिवारी, कारण रविवारी साइट बंद असते. आणि डोक्याला लागलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत छत नाही, मग तो कोणीही असो. उद्या फळ्यावर लिहितो.

आत्ता ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची दोघांची बँडेज धुऊन वाळवली. साडेचार मीटरची पट्टी, गुंडाळायला वेळ लागतो. दादांच्या पट्ट्यांना अंगठ्याच्या फासापाशी इन्सुलेशन टेप लावलेला आहे. उजवीला लाल, डावीला काळा. प्लस-मायनससारखा. इतके महिने समोर उभा राहून कधी दिसला नव्हता.

मगाशी त्यांचा फोन आला. तब्येतीचं काहीच बोलले नाहीत.

"कडेचे क्लॅम्प टाइट केलेस?"

"केले, दादा."

"पुन्हा एकदा बघ उद्या."