"डेटिंग हा शब्द काढा, मग बघू": शाळेतल्या एका सत्रासाठी अडीच महिने

लेकीच्या वर्गातल्या एकीचा इन्स्टाचा पासवर्ड तिच्या 'त्याच्या'कडे असतो आणि तो तिच्या नावाने मैत्रिणींना रिप्लाय देतो, हे मला पोळ्या लाटताना कळलं. वर लेक म्हणते, "आई त्यात काय, पझेसिव्ह आहे तो, काळजी करतो." तव्यावरची पोळी जळली. मी समुपदेशक, पालक-शिक्षक संघातही आहे, म्हटलं नववी-दहावीला दोन तासांचं सत्र घेऊ, आठवड्यात होईल. कसलं काय.

मुख्याध्यापक सर माणूस चांगला. अर्ज वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "मॅडम, डेटिंग वगैरे आपल्याकडे नाही." मी म्हटलं, असतं सर. "असेल, पण अर्जात नको. आणि पंचायत समितीतून पत्र आणा, उद्या पालक आले तर मी काय दाखवू?"

मग सुरू झाल्या चकरा. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा म्हणे हे टेबल माझं नाही, ज्यांचं आहे ते रजेवर. तिसऱ्यांदा त्या ज्यांचं-टेबल-आहे भाऊसाहेबांनी माझा विषय मोठ्याने वाचला, "किशोरवयीन मुलांमधील प्रेमसंबंध व हिंसा", आणि पगारबिलाच्या कामाला आलेले दोन गुरुजी खाली बघून हसले. "लैंगिक शिक्षण का हे? ते बंद आहे ना?" २००७ मध्ये राज्यात त्यावरून गदारोळ होऊन बंदी आली होती, ते यांच्या डोक्यात अजून ताजं. मी सांगतेय की शरीराचा तक्ता नाही लावायचा हो, फोन कोणी तपासायचा आणि रागात हात कोणी धरायचा एवढंच बोलायचंय, तर म्हणाले, "मग मोबाईल लिहा." चौथ्यांदा गेले तर अर्जच सापडेना. चूक माझी, पोच घेतली नव्हती. तुम्ही घ्या, आवकचा शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

सुटलं ते भलतीकडेच. शाळेच्या व्हरांड्यात वाट बघत बसले होते, समोर भिंतीवर 'सखी सावित्री समिती', बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण झाल्यावर घाईने रंगवलेला बोर्ड. शासन निर्णय १० मार्च २०२२ चा, मुलामुलींना शाळेत सुरक्षित वाटावं म्हणूनच काढलेला. यादीत सरांचं स्वतःचं नाव. आत गेले आणि म्हटलं, सर, समितीची बैठक लावा, इतिवृत्तात घ्या, मग पत्र कशाला? सर बराच वेळ बोर्डाकडे बघत होते. पुढच्या शनिवारी सत्र! विषय अर्थात 'मोबाईलचा सुरक्षित वापर'. चालतंय.

सत्रात फार काही अडलं नाही. नाही म्हटल्यावरही मुलीला मेसेज करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे म्हटल्यावर मागची दोन बाकं एकदम गप्प. पण मुलांनी नाव न घालता लिहिलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या! एक होती, "रात्री व्हिडिओ कॉलवर खोली फिरवून दाखवायला लावतो, हे प्रेम ना?" आणि एक मुलाची, "सोडलं तर हात कापून घेईन म्हणते, मी काय करू?" मुलींसाठीच तयारी करून गेले होते, या मुलासाठी माझ्याकडे धड वाक्य नव्हतं. एवढंच सांगितलं की तिचा जीव तू एकट्याने सांभाळायचा नाहीस, आजच्या आज एका मोठ्या माणसाला सांग, आणि फळ्यावर १०९८, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, लिहिला.

हे आधी सांगायला हवं होतं, "कोणालाही सांगणार नाही" असं वचन मुलांना देऊ नका. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच हे बोलून टाका. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींना सल्ला देणारं मैत्री क्लिनिक असतं, तिथली वेळ विचारून ठेवा.

आणि चिठ्ठ्यांचं. वर्गशिक्षिका अक्षर ओळखतात, त्यामुळे त्यांना हात लावू देऊ नका, कितीही मदत करते म्हणाल्या तरी. आणि सगळ्यांना लिहायला लावा, प्रश्न नसेल तर डब्यात काय होतं ते लिहा म्हणावं, नाहीतर ज्याचं पेन हलतं त्याच्याकडेच अख्खा वर्ग बघतो. मला चाळीसेक चिठ्ठ्यांत सव्वीस वेळा बटाट्याची भाजी आली.