रजिस्टरमधला शेरा

छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मी कॉन्फोकल मायक्रोस्कोप, म्हणजे लेझरच्या उजेडात बघणारा सूक्ष्मदर्शक, सांभाळते. जानेवारीत आमच्या प्रोजेक्टवर जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोची, एक जागा निघाली. महिना ३७ हजार, घरभाडं वेगळं. नेट परीक्षा काढून घरी बसलेल्या आपल्याकडच्या पोरांचं यात घर सावरतं. मुलाखती वरच्या मजल्यावर होत्या आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटं खाली माझ्याकडे, मशीनवर.

नमुना मीच केला होता. मालदांडी ज्वारीच्या मुळाचा पातळ छेद, कसलाही रंग न लावता. पेशीभित्तिकेतलं लिग्निन, म्हणजे तिला कडकपणा देणारं द्रव्य, ४०५ नॅनोमीटरच्या लेझरखाली आपोआप निळसर चमकतं. स्लाइड हातात द्यायची आणि सांगायचं, ६३एक्सवर, म्हणजे ६३ पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर, फोकस करून दाखव.

कॉलेजातल्या मायक्रोस्कोपमध्ये लेन्स वरून येते. आमच्या मशीनमध्ये ती खालून वर बघते, म्हणून कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावरची पातळ काच, खाली हवी. तेलातल्या या लेन्सचं काचेपासून अंतर पाव मिलिमीटरहूनही कमी. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची, स्लाइड मात्र एक मिलिमीटर जाड. स्लाइड उलटी ठेवली तर फोकस सापडतच नाही, आणि सापडत नाही म्हणून नॉब फिरवत राहिलं तर लाखांची लेन्स काचेला जाऊन भिडते.

सहापैकी चौघांनी ती उलटीच ठेवली. त्यांचा यात दोष नाही. असं मशीन ज्यांच्या कॉलेजात आलंच नाही त्यांनी काय करावं? पण तिघं नॉब फिरवतच राहिले, मला हात धरावा लागला. त्यातल्या एकाने धूसर उजेडाकडे बोट दाखवून पेशी दिसताहेत म्हणून सांगितलं.

चौथा हिंगोलीकडचा, पहाटेच्या एसटीने आलेला. त्याने दोनदा नॉब फिरवला आणि हात मागे घेतला.

"मॅडम, दिसंना गेलंय. अजून वर घेऊ का नको? टेकंल वाटतं."

"टेकेलच. लेन्स कुठून बघते ते आधी बघ."

तो वाकला. लेन्स खाली घेतली, स्लाइड काढून पालटली, सांडलेलं तेल लेन्स पेपरने टिपलं. घासलं नाही, टिपलं. मग पडद्यावर निळी कडी उमटली, जायलमच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या, नळ्यांची. तो बघतच राहिला.

"आम्ही तर ही धसकटं येचून जाळतो, मॅडम."

संध्याकाळी समितीचा कल दुसऱ्याच मुलाकडे होता. कार्यशाळांची पाच प्रमाणपत्रं, इंग्रजी सफाईदार. मी वापराच्या नोंदीचं रजिस्टर वर नेलं. शेऱ्याच्या रकान्यात बाकी सगळ्यांनी 'ओके' लिहिलं होतं. हिंगोलीच्या मुलाची ओळ अशी: 'स्लाइड आधी उलटी ठेवली. मॅडमनी विचारल्यावर पालटली. तेल जास्त पडलं, टिपून काढलं.'

"हे त्याला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही, सर. रात्री अकराला मशीनवर एकटा बसेल त्याच्या शब्दावर आपला शोधनिबंध उभा राहणार आहे." माझा आवाज चढला होता.

तासाभराने त्याचं नाव नक्की झालं. तोवर तो स्टँडवर गेला होता. मी फोन लावला तेव्हा मागे जालन्याच्या गाडीचा पुकारा चालला होता, आणि मला तेच वाक्य दोनदा सांगावं लागलं.