स्प्रिंगचं पिस्तूल, म्हणजे हट्टी जनावर... पण आपलं

पिस्तूल घेतलंय म्हटलं की आमच्या गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला, "लायसन हाय काय?" दुसरा, "इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा करायला लागतंय न्हवं?" आणि तिसरा, जरा आवाज बारीक करून, "केवढ्याला बसलं?" तर एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकतो. हे एअर पिस्तूल आहे, स्प्रिंगवर चालतंय, बारूद नाही, काडतूस नाही. भारतात 4.5 मिलिमीटर म्हणजे 177 बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकीला लायसन लागत नाही, घेताना ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागते आणि बिल मात्र जपून ठेवायचं. माझा छर्रा धरा अर्ध्या ग्रॅमचा, सुटतो सेकंदाला 120 मीटरच्या आसपास, गणित केलं तर साडेतीन ज्यूलच्या थोडं वर येतंय. म्हणजे 20 च्या पाचव्या हिश्शालासुद्धा पोचत नाही. पण म्हणून खेळणं नव्हे हां, डोळा गेला तर गेलाच.

आपल्याकडं जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक असते ना, तीच जात ही, फक्त तिला दस्ता असतो आणि हिला मूठ. आणि खरी गंमत इथंच आहे, लोकांना वाटतंय छोटं आहे म्हणजे सोपं असणार. उलटं आहे सगळं. स्प्रिंगच्या पिस्तुलाएवढं नेमाला अवघड हत्यार मी तरी दुसरं हातात धरलेलं नाही.

आत काय होतंय ते सांगतो. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर दुमडून, खाली दाबली की आतला पिस्टन मागं जातो, स्प्रिंग दबते आणि खटकन अडकते. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणजे तरफ आखूड, म्हणून जोर भरपूर लागतो, पहिल्या आठवड्यात तळहाताला घट्टे पडले तर घाबरू नका. मग नळीच्या मागच्या तोंडात छर्रा अंगठ्यानं नीट बसवायचा, तेवढा वेळ दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरूनच ठेवायची, कारण खटका निसटला तर नळी फाटकन वर येते आणि मधे बोट असलं तर विषय संपला. चाप ओढला की पिस्टन पुढं पळतो, पुढची हवा चेंगरते, तापते, आणि ती हवा छर्रा ढकलते. आता बघा, पिस्टन पुढं पळाला की पिस्तूल मागं येतंय, आणि पिस्टन पुढं जाऊन हवेच्या गादीवर आपटला की पिस्तूल परत पुढं झटका खातंय. एका बारात दोन झटके, तेही उलटसुलट, आणि या सगळ्या गोंधळात छर्रा अजून नळीतून बाहेर पडायचाच असतो! म्हणून चाप ओढल्यावर हात सोडला, मान वर करून कुठं लागलं बघायला गेलं, की संपलं. भोक पडल्याचा आवाज येईपर्यंत पुढची साईट, म्हणजे नळीवरचा नेम धरायचा काटा, जिथं होती तिथंच बघत राहायचं.

मूठ आवळायची नाही हे दुसरं. आवळली की प्रत्येक बाराला झटका वेगळा, आणि ग्रुप पसरतो, म्हणजे कागदावर भोकं जवळजवळ पडत नाहीत. विटेवर किंवा कट्ट्यावर पिस्तूल टेकवून मारलं तर आणखी गंमत, छर्रे भलतीकडंच जातात, कारण कडक टेकूवरून ते उसळतंय. टेकवायचंच तर हात टेकवा, पिस्तूल नको. माझ्या मित्राला हे पटत नव्हतं, "मर्दा, टेकवल्यावर नेम चुकतोय कसा?" म्हणून दोन्हीकडून मारून दाखवलं, मग गप्प बसला आणि चहा सांगितला.

आणि साईटचं गणित तर डोळे उघडणारं आहे. माझ्या पिस्तुलावर पुढच्या-मागच्या साईटमध्ये साधारण 25 सेंटिमीटर अंतर आहे. पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत एक मिलिमीटर इकडं-तिकडं झाली की 10 मीटरवर छर्रा 40 मिलिमीटर सरकतो. आता 10 मीटर एअर पिस्तुलाच्या अधिकृत कागदावर सगळं काळं वर्तुळच 59.5 मिलिमीटरचं असतं, म्हणजे मधून काठापर्यंत तीस मिलिमीटरसुद्धा नाही, आणि दहाचं घर तर 11.5 मिलिमीटर. एक मिलिमीटर चुकलात की काळ्याच्या बाहेर! म्हणून टार्गेट धूसर दिसलं तरी चालतंय, साईट स्वच्छ दिसली पाहिजे. हे कळायला वेळ जातोय कारण मन सारखं टार्गेटकडं पळतंय.

हे झटके घालवायला जर्मन लोकांनी काय काय केलं. फाईनवेर्कबाऊ 65 नावाचं स्पर्धेचं पिस्तूल आलं, त्यात चाप ओढला की वरचा सगळा भाग रुळांवरून मागं सरकतो आणि हाताला झटका कळतच नाही. स्प्रिंगचंच पिस्तूल, पण स्पर्धेत गाजलेलं. पुढं पंपाची, गॅसची आणि आता भरलेल्या सिलिंडरची पिस्तुलं आली. 1988 ला सोलमध्ये 10 मीटर एअर पिस्तूल ऑलिम्पिकमध्ये आलं, आणि आज त्या लेव्हलला स्प्रिंगचं पिस्तूल घेऊन कोण उभं राहत नाही. त्यामुळं पोरांना स्पर्धेला घालायचं असेल तर सरळ रेंजवर जावा, कोचला विचारा, हे विकत घेऊ नका. आपल्या शेजारीच कोल्हापूर आहे की, नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत तिथल्याच, आणि 2024 ला पॅरिसमध्ये रायफलीत ब्राँझ घेतलेला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असून नेमबाजी म्हटलं की आम्ही अजून जत्रेतल्या फुग्यांवरच, असो.

मग मी का घेतलं? सिलिंडर नको, पंप नको, कुणाकडं गॅस भरायला जायला नको. परसात गेलं, नळी मोडली, मारलं. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, मॅन्युअल इंग्रजीत आणि नेम चुकल्यावरच्या शिव्या मराठीत, असं आपलं चाललंय.

टार्गेटच्या मागं काय ठेवायचं हे मात्र आधी ठरवा. नुसती फळी लावलेली बघितलीय मी लोकांनी, या कमी वेगाच्या छर्ऱ्याला कडक लाकडावरून उलटा यायला वेळ लागत नाही, सरळ तोंडावर. मी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याची एक बाजू कापली, मागं लोखंडी पत्रा तिरका लावला आणि पुढं चिंध्या ठासल्या. आमच्या वडगावात मागवाल्या विणकरांकडं सुताची गुंतवळ मिळते, ती तर झकास, छर्रा आत गेला की गप. मागं भिंत, बाजूला कुणी येणार नाही अशी जागा, चष्मा, एवढं पाहिजेच. आणि छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरू नका, जत्रेतला माणूस धरतो म्हणून तुम्ही नको. झाल्यावर हात साबणानं धुवा, मगच चिवड्याला हात लावा.

तेलाचं सांगतो. आपल्याकडं कुलपापासून सायकलीपर्यंत सगळ्याला एकच औषध, शिलाई मशीनचं तेल. इथं ते नळीमागच्या भोकात सोडू नका. दाबलेली हवा एवढी तापते की तेल पेट घेतंय, धाडकन आवाज, धूर, जळका वास, आणि बघणाऱ्याला वाटतंय वा काय पॉवर! प्रत्यक्षात पिस्टनवरचं हवा अडवणारं सील जळतंय आणि स्प्रिंगची वाट लागते. चामड्याचं सील असलं तर कंपनी सांगेल ते तेल, दोन थेंब, बास. छर्रा न घालता रिकामं मारणंही तसंच, पुढं अडवायला काही नसल्यावर पिस्टन जाऊन पुढच्या टोकावर आदळतो. दाबून तासन्‌तास ठेवू नका, स्प्रिंग मरते.

जूनपासून आमच्याकडचा पाऊस सुरू झाला की गंजाची भीती. खानापूरकडं तर विचारूच नका, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथं लोखंडाचं काय. घामट बोटाचा ठसा निळ्या पॉलिशवर राहिला की चार दिवसात तिथंच तांबूस डाग. मारून झालं की बाहेरून तेलाचा फडका फिरवायचा, आणि ठेवताना रेक्झिनच्या पाकिटात अजिबात नको, ओल धरते.

कुणाला दाखवायला बाहेर नेऊ नका, लांबून खऱ्यासारखं दिसतंय. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी थांबली आणि सीटवर हे पडलेलं असलं तर बिल दाखवून समजावत बसावं लागेल. बॅगेत, रिकामं, बिलासकट.

आता शेजारच्या काकूंचं. त्यांच्या परसातली केळी माकडं न्यायला लागलीत, मला रोज, "अरे, एवढं हत्यार घेतलंस, त्यांना तेवढं हाकल की बाबा." काकू, नाही. वन्यजीव कायदा आहे 1972 चा, माकड नाही, मोर नाही, आणि उसातला ससापण नाही. शिवाय साडेतीन ज्यूलनं मरत नाही, नुसतं जखमी होऊन हाल होतात त्याचे. फटाके लावा, गलोलसुद्धा नको. कागदावर नेम मारायचा असेल तर या, रविवारी सकाळी डबा लावलेला असतो, चष्मा माझ्याकडं आहे.