शुगर-फ्री

आज सकाळी ऑफिसात ड्रॉवर उघडला तर आत बिस्किटांचा पुडा. शुगर-फ्री. वर पिवळी चिठ्ठी, "तुझ्यासाठी. लपवून ठेव, नाहीतर हे लोक संपवतील." खाली हसरा चेहरा काढलेला. अक्षरावरून लगेच कळलं कोणाचं ते.

एवढंच झालं. म्हणजे खरंच दिवसभरात एवढंच झालंय, बाकी काही नाही, आणि मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून दहा मिनिटं उभी राहिले. रडले वगैरे नाही. नुसती उभी.

कारण मला शुगर नाहीये.

गेल्या महिन्यात सरांचा केक कापला तेव्हा तिने प्लेट पुढे केली, मी नको म्हटलं, ती म्हणाली अगं एक घास तरी, मी परत नको, मग आजूबाजूचे दोघं-तिघं बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुगर निघालीये गं जरा." ठरवून नाही बोलले. आणि क्षणात सगळे कसे शहाण्यासारखे वागायला लागले! कुणी विचारलं नाही कुठे, कशामुळे, तू काय केलंस. प्लेट मुकाट मागे गेली. एकजण तर म्हणाला, "काळजी घे, आमच्याकडे बाबांना आहे." मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटायला दोन दिवस लागले.

आता कुणी म्हणेल त्यात काय एवढं, लहानसं खोटं. पण त्या वेळी खरं काय सांगणार होते मी? इन्फेक्शन आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कसलं? कुठे? आणि तिथे येऊन माझी भाषाच संपते. खाली. तिथे. अंगावरून जातं. डॉक्टर मॅडमसमोर पहिल्यांदा बसले तेव्हासुद्धा मी "जरा त्रास होतोय" एवढंच म्हणून त्यांच्या पेपरवेटकडे बघत बसले होते, शेवटी त्यांनीच विचारलं, खाज आहे का, आग होते का, दह्याच्या कवड्यांसारखं जातं का, आणि मी तीन वेळा मान हलवली. परीक्षेत तोंडी प्रश्नाला हलवतात तशी. आपल्याच शरीराबद्दल आणि आपल्याच भाषेत.

त्यांनी विचारलं वर्षात कितीदा झालं. मी सहा म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. वर्षात तीनदा किंवा जास्त झालं की त्याला वारंवार होणारं म्हणतात आणि मग दरवेळी दुकानातून एक क्रीम आणि एक गोळी आणून भागत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे विचारलंच नव्हतं कुणाला. ताईला एकदा अर्धवट बोलले तर ती म्हणाली स्वच्छता ठेव. ठेव काय ठेव! मी दिवसातून तीनदा साबणाने, सुगंधी वॉशने, अगदी अपराध केल्यासारखी धुवत होते. मॅडम म्हणाल्या ते सगळं बंद, नुसतं साधं पाणी आणि तेही बाहेरून, साबणाने आधीच चिडलेली त्वचा आणखी चिडते. तर तिथेही मी उलटंच करत होते. ताईवर राग आहे का माझा? जाऊ दे.

मग तपासणीसाठी स्राव घेतला, स्लाइड, कल्चर, आणि रक्तातली साखर. साखर वाढलेली असेल तर हे परत परत होतं म्हणून. आणि आता लिहितेच, कारण आज दिवसभर तेच डोक्यात आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, आली 5.3. एकदम नॉर्मल. मॅडम म्हणाल्या छान, आणि माझा चेहरा पडला. क्षणभरच, पण पडला. मला ते हवं होतं! डायबेटिस हवा होता मला, एवढा मोठा जन्मभराचा आजार, का तर तो चारचौघांत सांगता येतो. त्याला नाव आहे, तो लोकांच्या बाबांना असतो, त्याची बिस्किटं मिळतात.

म्हणजे केकच्या वेळचं खोटं त्या दिवशी सुचलं नाही. ते आधीच तयार होऊन बसलं होतं.

कल्चरमध्ये, म्हणजे स्राव लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, निघाला नेहमीचाच, कॅन्डिडा अल्बिकन्स, यीस्ट म्हणतात ती बुरशी. त्याचाच भाऊ ग्लाब्राटा असता तर या गोळ्यांना बहुधा नीट दाद दिली नसती, तेव्हा त्यातल्या त्यात नशीब. बुरशीवरची गोळी, फ्लुकोनाझोल 150, पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग दर आठवड्याला एक, सहा महिने. मी मंगळवार धरलाय. आज अकरावी. पहिल्या तीन गोळ्यांतच खाज गेली आणि मला इतकं विचित्र वाटलं, घरात सतत चालू असलेला पंखा बंद झाल्यावर वाटतं ना, अरे हा आवाज होता तर, तसं. रात्री झोप लागते हे मी विसरूनच गेले होते. ह्याला तेव्हा काय वाटलं असेल ते नाही लिहीत आज.

सहा महिन्यांनी गोळ्या थांबल्या की बऱ्याच जणींना परत होतं, हेही मॅडमनी तोंडावर सांगून ठेवलंय. ठीक आहे. सांगितलं ते बरं केलं.

पण डाएटचं. डाएटचं काय करू मी?

आठ महिने, यीस्टला उपाशी मारायचं म्हणून. साखर नाही, ब्रेड नाही, फळं नाहीत, व्हिनेगर नाही, मशरूम नाही कारण तीही बुरशीच. हे डाएट सांगणारा व्हिडिओतला तो माणूस इतक्या खात्रीने बोलायचा. सकाळी उठल्या उठल्या पाण्याच्या ग्लासात थुंका, धागे खाली उतरले तर शरीरात यीस्ट माजलंय. मी थुंकले. धागे उतरले. कुणाचेही उतरतात, ती लाळ आहे, पण तेव्हा मी त्या ग्लासाकडे कुंडली बघतात तशी बघत होते. साखर सोडल्यावर डोकं दुखायला लागलं तर म्हणे यीस्ट मरतंय, शुभ लक्षण. नाही दुखलं तर म्हणे अजून कडक करा. दोन्हीकडून त्याचंच बरोबर! आणि त्या आठ महिन्यांत मला चारदा झालं. दरवेळी मी आठवत बसायचे की मी काय खाल्लं, आणि काही ना काही सापडायचंच, चहात चमचाभर, कुणाकडे अर्धी फोड. चूक माझीच निघायची.

मागच्या वेळी धीर करून मॅडमना विचारलं. त्या हसल्या नाहीत, ते मला फार आवडलं. म्हणाल्या डायबेटिस असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हाच उपचाराचा भाग, पण तुमची नॉर्मल आहे, अशांना साखर तोडून हे थांबतं असा भक्कम पुरावा नाही. कॅन्डिडा थोडाफार तोंडात, आतड्यात, तिथे, निरोगी माणसांतही असतोच, तो समूळ घालवायचा नसतो. आणि ब्रेड फुगवणारं यीस्ट वेगळं, हे वेगळं. ब्रेड खाऊन हे होत नाही.

ब्रेड खाऊन हे होत नाही! आठ महिने मी टोस्टचा वास आला की खोलीबाहेर जात होते.

घरी येऊन वाचत बसले रात्री. थकवा, डोकेदुखी, उदासी सगळं यीस्टमुळेच असतं हे जे तो माणूस सांगतो, त्याची चाचणी 1990 सालीच झाली होती, 42 बायकांवर, निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध देऊन. योनीची तक्रार कमी झाली, पण अंगभरच्या बाकीच्या तक्रारींत खऱ्या औषधाने आणि खोट्या गोळीने सारखाच फरक. वाचून आधी चीड आली, मग रिकामं वाटलं. मी त्या डाएटला का धरून बसले होते ते कळलं बहुतेक. गोळी डॉक्टर देतात, कल्चर लॅब करते. न खाणं तेवढं माझ्या हातात होतं.

आणि ते निस्टॅटिन, ते दोन बायकांनी शोधलंय. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी त्याच राज्यातल्या ऑल्बनीला, आणि मातीतल्या जंतूंच्या बरण्या पोस्टाने इकडून तिकडे पाठवायच्या. 1950 मध्ये जाहीर केलं. नाव ठेवलं न्यूयॉर्क स्टेटवरून, निस्टॅटिन. रॉयल्टीचे पैसे स्वतःला न घेता संशोधनाला देऊन टाकले. माझी गोळी ती नाही, पण मला त्या बरण्याच डोळ्यासमोर येत राहिल्या. दोन बायका वर्षानुवर्षं बुरशीबद्दल एकमेकींना पत्रं लिहितायत, आणि मला एकीला सांगता येत नाही जी माझ्यापासून चार फुटांवर बसते.

तर तीच. दुपारी ती खुर्ची ओढून आली, आवाज बारीक करून, "फास्टिंग किती येतंय आता?"

मी म्हटलं, "एकशे अठरा."

कुठून आलं देव जाणे. "बॉर्डरवर आहे," ती म्हणाली, "चालशील तर येईल खाली. माझ्याबरोबर येत जा ना जेवणानंतर, मलाही निमित्त." आणि मी हो म्हटलं. आता उद्यापासून मी नसलेली शुगर उतरवायला जेवणानंतर वीस मिनिटं चालणार आहे.

चालताना सांगावं का? समोरासमोर नसतो तेव्हा जरा सोपं जातं, दोघींची नजर रस्त्यावर असते. वाक्य काय असेल ते मात्र जुळत नाहीये. "अगं मला शुगर नाही, मला तिथे बुरशी होते." संध्याकाळी आरशासमोर एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि मलाच हसू फुटलं, असं की बाहेरून विचारणा झाली काय झालं म्हणून.

आणखी एक गंमत म्हणजे मॅडमनी केक खायला परवानगी दिलीये, पुढच्या आठवड्यात अकाउंट्समध्ये आहे कुणाचातरी, आणि आता मला तो खाता येणार नाही. आठ महिने उगाच सोडला, आणि आता खायची सोय झाली तर शुगरवाली बाई झाले. बरी तरी किती दिवसांत होऊ? तीन महिन्यांनी एचबीएवनसी करतात ना परत. तेव्हा होईन.

गोळी घेतली. उरल्या पंधरा.

बिस्किटं भुशासारखी लागतात, तरी चार खाल्ली. आत्ता तिचा मेसेज आलाय, कशी आहेत. मस्त, म्हणून पाठवलं.