परसातल्या कोंबडीच्या पोटात प्रथिने किती जातात?

खाद्याच्या पोत्यावर छापलेला प्रथिनांचा टक्का हा त्या पोत्यातल्या खाद्याचा असतो, कोंबडीने दिवसभरात खाल्लेल्या एकूण आहाराचा नव्हे. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या कोल्हापूरकडच्या घरांमध्ये नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते, असे मला वाटते.

पहिले सहा ते आठ आठवडे पिलांना साधारण २० टक्के, वाढत्या तलंगांना, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांना, १५ ते १६ टक्के आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते. त्यांतले ६० ग्रॅम १८ टक्क्यांचे खाद्य आणि उरलेले ५० ग्रॅम मका असेल, तर मक्यात प्रथिने जेमतेम ९ टक्के असल्यामुळे एकूण आहार १४ टक्क्यांवर येतो. मग अंडी कमी झाली की दोष खाद्याला दिला जातो. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या उकिरड्यावरचे किडे-अळ्या खाऊन थोडीफार भर काढतात, पण उन्हाळ्यात तेही मिळत नाहीत आणि उष्म्याने खाणेही कमी होते.

घरी खाद्य करणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. आठ किलो मक्याच्या भरड्यात दोन किलो सोयाबीन पेंड मिसळली, तर पेंडीतली प्रथिने ४५ टक्के धरून मिश्रण १६ टक्क्यांच्या आसपास येते. पिलांसाठी हेच प्रमाण सात आणि तीन असे ठेवावे. त्यात खनिज मिश्रण घालावेच लागते, आणि मेथिओनिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक सोयाबीनमध्ये कमी असल्याने थोडी बिनमिठाची सुकट घातलेली चांगली. शेंगदाणा पेंड मी टाळतो, कारण बुरशी धरलेल्या पेंडीतले अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृतावर घाला घालते.

इथे आणखी एक कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास मळणी झालेले सोयाबीन घरोघरी असते, पण ते कच्चे कोंबड्यांना घालू नये. त्यातला ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचनच अडवतो. दाणे नीट भाजल्यावर तो बराचसा निष्प्रभ होतो.

अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य तलंगांना देऊ नये, कारण त्यातले साडेतीन-चार टक्के कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पिसे झडण्याच्या काळात मात्र मका आखडता घ्यावा, कारण नवे पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनते.