पारदर्शक पडदे, पांढरे चरे आणि आमची वाटचाल

आमचं मूळ काम बोटींचं कॅनव्हास शिवायचं. छत, सीटची कव्हरं आणि कॉकपिटभोवती, म्हणजे बोट चालवायच्या उघड्या जागेभोवती, चेन लावून बसवतात ते पारदर्शक पडदे. चरे काढायचा धंदा करू असं कधी डोक्यातसुद्धा नव्हतं. पण व्हायचं काय, पडदे शिवून दिले की दोन सीझननी तीच माणसं परत हजर, अहो ऊन समोरून आलं की सगळं पांढरं होतं, पुढचं काही दिसत नाही, नवीन करून द्या. बघावं तर शिवण ठणठणीत, चेन लोण्यासारखी चालतेय, फक्त प्लास्टिकवर बारीक रेषांचं जाळं. एवढ्यासाठी अख्खा पडदा फेकायचा हे माझ्या धाकट्या भावाला पटेना. दादा, घासून तर बघू म्हणाला.

पहिला प्रयोग अर्थातच टूथपेस्ट 😀 सगळेच करतात. रेषा थोड्या कमी दिसायला लागल्या आणि त्याबरोबर अख्खा भाग धुरकट झाला. ती पूड दातांवरच्या कडक थरासाठी असते, प्लास्टिक त्यापुढे किती मऊ, हे आम्हाला नंतर कळलं.

मग हळूहळू लक्षात आलं की चरा "निघत" नाहीच. तो एक खाच असतो, त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून पांढरा दिसतो. एकतर आजूबाजूचं प्लास्टिक घासून खाचेच्या तळापर्यंत आणायचं, नाहीतर खाच कशाने तरी भरायची, तिसरा मार्ग नाही. म्हणून आम्ही आजही आधी ओलं बोट फिरवतो. पाण्याने रेष गायब झाली तर पॉलिशने फरक पडणार. मग नख फिरवायचं, नख अडकलं तर मऊ पडद्यावर तो चरा सोडून द्यायचा.

सगळ्यात महाग पडलेली चूक मशीनची. हाताने घासून खांदे भरून आले म्हणून ड्रिलला पॉलिशचं पॅड लावलं, फुल स्पीड, एकाच जागी. हे पडदे क्लिअर व्हिनाइलचे, म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी, घर्षणाने तापतं आणि तापलं की वाहायला लागतं. मधोमध दुधाळ गोल डाग आणि भोवती लाटा. तो पडदा खिशातून भरून दिला. आता व्हिनाइलवर फोमचं पॅड, एकदम कमी स्पीड, पृष्ठभाग कायम ओला, हात कायम फिरता आणि मागून गादी लावलेली फळी, कारण मऊ शीट मागे सरकली की दाब नीट बसतच नाही. व्हिनाइलवर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश कागद, कधीच नाही.

कडक अ‍ॅक्रिलिकचं गणित वेगळं, आणि खरं सांगू, मजा त्यातच येते. खोल चरा असेल तर ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) पाणी लावून सुरुवात, मग १०००, १५००, २०००, प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची म्हणजे आधीच्या कागदाच्या रेषा गेल्या की नाही ते दिसतं. मग पॉलिश. नोव्हस या कंपनीच्या प्लास्टिक पॉलिशमधलं ३ नंबर जाड चऱ्यांना, २ बारीक चऱ्यांना, १ नुसतं साफ करायला. मायक्रोमेश नावाचं कापडासारखं घासायचं साहित्यपण वापरतो, ते १५०० पासून १२००० पर्यंत मिळतं, पण त्यांचे नंबर साध्या वॉटर पेपरशी जुळत नाहीत, त्यांचा १५०० साध्या १५०० पेक्षा बराच खरबरीत. आम्ही सरळ तोच उचलला आणि होते त्याहून जास्त चरे पाडून ठेवले.

कोटिंगचा धडा त्यानंतरचा. पॉलीकार्बोनेट, म्हणजे आणखी एक कडक पारदर्शक प्लास्टिक, मुळात लवकर ओरखडतं म्हणून त्यावर बहुतेक वेळा कडक कोटिंग असतं, काही चांगल्या व्हिनाइल शीटवरपण असतं. आम्ही न विचारता घासलं, कोटिंग ठिकठिकाणी गेलं आणि पडद्याचा नकाशा झाला. आता फोनवर पहिला प्रश्न शीट कुठली, दुसरा कोटिंग आहे का. असेल तर घासायचं नाही, विषय संपला.

एकदा सुकाणूसमोरच्या अ‍ॅक्रिलिकवरचा एकच चरा इतका मन लावून घासला की तिथे उथळ खड्डा झाला. डोळ्याला दिसायचा नाही, पण बोटवाल्या काकांचा संध्याकाळी फोन, अरे बाबा मी डोकं हलवलं की समोरचा बोया (पाण्यातली तरंगती खूण) पण हलतो. भिंग तयार झालं होतं! आता घासायचं तर चऱ्याच्या चारी बाजूंनी लांबपर्यंत पसरवत, आणि सुकाणूसमोर खोल चरा असेल तर राहू दे सांगतो.

बरं, अर्धे लोक ज्याला चरे म्हणतात ते चरे नसतातच. उन्हाने पिवळं पडलेलं, कडक झालेलं व्हिनाइल, सनस्क्रीन लावलेल्या हाताचे ठसे, डास पळवायच्या स्प्रेमधल्या डीटने आलेला धूसरपणा, अमोनियावाल्या काच क्लीनरने केलेली वाट. अ‍ॅक्रिलिकच्या आतल्या केसासारख्या भेगा तर वेगळंच प्रकरण. यातलं पॉलिशने काही जात नाही आणि पैसे घेऊन ते गेलं असं आम्ही दाखवतपण नाही.

खरे चरे मात्र बहुतेक पुसतानाच पडतात. मीठ सुकून त्याचे कण बसलेले, वरून धूळ, आणि माणूस कोरडं फडकं किंवा टिश्यू घेऊन जोर लावतो. म्हणून काम झालं की आम्ही सांगत बसतो, आधी भरपूर गोडं पाणी ओता, मीठ वाहून जाऊ दे, मग सौम्य साबण, मग मऊ मायक्रोफायबर. पडदा घडी घालू नका, गुंडाळा, मध्ये मऊ कापड घाला, थंडीत कडक झालेला असेल तर जबरदस्ती नको, तडकतो.

एवढं बोलून घसा सुकायला लागला म्हणून मी गुंडाळलेल्या पडद्यांसाठी आतून मऊ अस्तर लावलेल्या पिशव्या शिवायला घेतल्या. आज पॉलिशपेक्षा पिशव्याच जास्त जातात. भाऊ यावरून चिडतो, म्हणतो माझी कला आणि तुझ्या पिशव्या.

तो वितळलेला पडदा अजून शिलाई मशीनच्या वर टांगलाय. कामाला नवीन आलेलं पोरगं ड्रिलकडे हात न्यायला लागलं की भाऊ काही बोलत नाही, नुसतं वर बोट दाखवतो.